साखळीचा ताळा कोण करणार

१ मे २०२२ ची पहाट भारतात उजाडत होती, तेव्हा सोलाना हे ब्लॉकचेन जाळे (व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, साखळीसारखे जोडत अनेक संगणकांनी मिळून ठेवलेली नोंदवही) बंद पडलेले होते. डिजिटल चित्रे विक्रीला काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘कँडी मशीन’ नावाच्या प्रोग्रामवर मध्यरात्रीनंतर बॉट्सनी (आपोआप व्यवहार धाडणाऱ्या प्रोग्रामांनी) असा मारा केला, की पडताळणी करणाऱ्या संगणकांची मेमरी संपली, पुढच्या ब्लॉकविषयी त्यांच्यात एकमत होईना आणि साखळी जागच्या जागी थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला सुमारे सात तास लागले. त्याच सात तासांत, आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजत असताना, ईथरियम या दुसऱ्या जाळ्यावर युगा लॅब्ज या कंपनीने ‘अदरसाइड’ नावाच्या आपल्या नियोजित आभासी जगातले ५५,००० भूखंड विक्रीला खुले केले. ईथरियम थांबले नाही. त्याचे ब्लॉक नेहमीच्या गतीने येत राहिले. मात्र त्या ब्लॉकांत जागा मिळवण्याचे शुल्क इतके चढले, की कित्येकांना भूखंडाच्या किमतीच्या बरोबरीने किंवा त्याहूनही अधिक रक्कम केवळ या शुल्कापोटी मोजावी लागली, काही तासांत १५ कोटी डॉलरहून अधिक पैसा शुल्कात गेला आणि ज्यांचे व्यवहार फसले त्यांचेही शुल्क कापले गेले.

या दोन जाळ्यांची तुलना करताना बहुतेक जण सेकंदाला किती व्यवहार होतात या आकड्यापासून सुरुवात करतात. मला मात्र ती एक पहाट अधिक सांगून जाते. गर्दी दोन्हीकडे सारख्याच स्वभावाची होती: मर्यादित वस्तू, असंख्य खरेदीदार आणि त्यांच्या वतीने धावणारे बॉट्स. एका जाळ्याने ती गर्दी अंगावर घेतली आणि ते सर्वांसाठीच बंद झाले. दुसऱ्याने दाराशी बोली लावली आणि ते केवळ पैसेवाल्यांपुरते उघडे राहिले. दोन्ही निकाल वाईट होते. पण ते दोन निकाल अपघाताने आलेले नव्हते. दोन्ही जाळ्यांच्या रचनेत ते आधीपासून होते आणि ती रचना दोन वेगळ्या विश्वासांतून आलेली आहे.

मी पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो. त्यामुळे व्यवहारांची नोंद वेगाने करणे हा प्रश्न मला मुळात अवघड वाटत नाही. आपल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सरासरी साधारण साडेसात हजार. नोंदवही एका संस्थेच्या ताब्यात असेल आणि त्या संस्थेवर आपला विश्वास असेल, तर हे काम अभियांत्रिकीने, यंत्रांनी आणि पैशाने पार पडते. ब्लॉकचेनची सारी अडचण तिने घातलेल्या अटीत आहे: नोंदवही कुणा एकाच्या हातात असता कामा नये आणि ती बरोबर आहे की नाही याचा ताळा ज्याला हवा त्याला स्वतः करता आला पाहिजे. ही अट काढून टाकली तर ब्लॉकचेन हा एक मंद आणि महागडा डेटाबेस उरतो. म्हणून वेग वाढवण्याची कोणतीही युक्ती पाहिली की मी पहिल्यांदा एवढेच शोधतो, की ताळा करण्याचा वाढलेला खर्च आता कुणाच्या अंगावर पडणार आहे.

ईथरियम ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले. त्याच्या मूळ साखळीवर एका ब्लॉकमध्ये किती काम मावेल याची मर्यादा ‘गॅस’ या एककात ठरलेली असते आणि २०२१ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ती तीन कोटी होती. एकाने दुसऱ्याला ईथर (ईथरियमचे चलन) पाठवण्याच्या अगदी साध्या व्यवहाराला २१,००० गॅस लागतो. म्हणजे एका ब्लॉकमध्ये असे चौदाशेच्या आसपास व्यवहार बसतील आणि बारा सेकंदांना एक ब्लॉक धरला तर सेकंदाला एकशेवीसच्या आत. प्रत्यक्षात लोक साधे व्यवहार थोडेच करतात. ते टोकनांची (डिजिटल नाण्यांची) अदलाबदल करतात, कर्जे घेतात, करारांना (साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रामांना) हाका मारतात आणि त्यांना कित्येक पट अधिक गॅस लागतो. म्हणून प्रत्यक्षातला वेग अनेक वर्षे सेकंदाला बारा ते पंधरा व्यवहारांच्या आसपासच राहिला. इतकी कमी मर्यादा जाणूनबुजून ठेवलेली आहे, हे लक्षात न घेता या आकड्याला नावे ठेवली जातात. ती वाढवणे ही तांत्रिकदृष्ट्या एका आकड्याची गोष्ट आहे. पण ती वाढवली की प्रत्येक नोडला (साखळीची प्रत ठेवून ती तपासणाऱ्या संगणकाला) तेवढे अधिक काम, अधिक डिस्क आणि अधिक बँडविड्थ लागते आणि ज्याच्याकडे ती नाही तो नोड बंद करून दुसऱ्या कुणाच्या शब्दावर अवलंबून राहू लागतो.

सोलाना १६ मार्च २०२० रोजी सुरू झाले. त्याचे संस्थापक अनातोली याकोवेन्को पूर्वी क्वालकॉममध्ये काम करत होते आणि त्यांच्या आखणीत दूरसंचाराच्या क्षेत्रातल्या माणसाची नजर जागोजागी दिसते. घड्याळ सर्वांचे सारखे नसेल तर समन्वयाच्या निरोपांतच वेळ जातो, हे त्यांनी हेरले. म्हणून एका हॅशचे (माहितीचा छोटा गणिती ठसा काढणाऱ्या सूत्राचे) उत्तर पुढच्या हॅशला खाद्य म्हणून देत जाणारी एक अखंड माळ त्यांनी वापरली. ती माळ घाईने ओवता येत नाही, त्यामुळे तिची लांबी हाच काळ गेल्याचा पुरावा ठरतो. पुढचा ब्लॉक कोण बनवणार याचे वेळापत्रक आधीच ठाऊक असते, त्यामुळे व्यवहार थेट त्याच्याकडे धाडता येतात. एका ब्लॉकसाठी ठरलेला काळ ४०० मिलिसेकंदांचा असतो. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की प्रत्येक व्यवहाराने आपण कोणकोणत्या खात्यांना हात लावणार हे आधीच जाहीर करायचे असते. ज्यांची खाती एकमेकांत अडकत नाहीत असे व्यवहार मग प्रोसेसरच्या वेगवेगळ्या गाभ्यांवर एकाच वेळी चालवता येतात. डेटाबेसच्या जगात कुलपांच्या भानगडींशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाला या रचनेचे सौंदर्य समजावून सांगावे लागत नाही. ईथरियम आपले व्यवहार एकामागून एक, एकाच रांगेत चालवते, आणि त्याच्याशेजारी ही रचना ठेवली की सोलानाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा उत्साह खरा वाटू लागतो.

सोलानाच्या प्रचारात पूर्वी सेकंदाला ६५,००० व्यवहारांचा आकडा असे. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे. खऱ्या जाळ्यावर बराच काळ तीन ते चार हजार दिसत आले आहेत आणि त्यांतला मोठा वाटा व्हॅलिडेटरांनी (ब्लॉक बनवणाऱ्या आणि पडताळणाऱ्या संगणकांनी) एकमेकांच्या ब्लॉकांना दिलेल्या मतांचा असतो, कारण सोलानात मत हादेखील साखळीवर नोंदला जाणारा व्यवहार आहे. मते वजा केली तरी सामान्य दिवशी सेकंदाला कित्येक शे खरे व्यवहार उरतात आणि एका सहीचे मूळ शुल्क ०.०००००५ सोल (सोलानाचे चलन), म्हणजे जवळपास काहीच नाही. ईथरियमच्या मूळ साखळीच्या तुलनेत हा फरक फार मोठा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढचे काहीही बोलणे प्रामाणिक होणार नाही.

आता या वेगाची किंमत पाहू. सोलानाचा व्हॅलिडेटर चालवायचा तर किमान २५६ जीबी मेमरी, वेगवान प्रोसेसर, अनेक एनव्हीएमई डिस्का आणि दोन्ही दिशांनी सेकंदाला किमान एक गिगाबिट देणारी जोडणी लागते. गंभीरपणे काम करणारे याच्याही पुढे जातात. हे घरात होत नाही, डेटा सेंटरमध्येच होते. शिवाय मते हे व्यवहार असल्याने त्यांचेही शुल्क भरावे लागते आणि ते दिवसाला एका सोलच्या आसपास जाते. ज्याच्याकडे लोकांनी पुरेसा स्टेक (तारण म्हणून अडकवलेले चलन) सोपवलेला नाही, त्याला हा रोजचा खर्च निघत नाही. सोलाना फाउंडेशन अनेक लहान व्हॅलिडेटरांकडे स्वतःचा स्टेक सोपवून त्यांना उभे ठेवत असे. २०२५ मध्ये तिने तो आधार हळूहळू काढून घेण्याचे धोरण घेतले. २०२३ मध्ये दोन हजारांच्या वर असलेली व्हॅलिडेटरांची संख्या २०२५ संपता संपता हजाराच्या खाली आली.

ईथरियमचा नोड मी घरी चालवतो. व्हॅलिडेटर नव्हे, कारण त्यासाठी ३२ ईथर अडकवून ठेवावे लागतात. नुसता नोड, ज्याला एकही ईथर लागत नाही. टेबलाच्या कडेला मावणारा एक लहान संगणक, ३२ जीबी मेमरी, एक मोठी एसएसडी आणि इतर घरांत असते तसलेच ब्रॉडबँड. वीज गेली की तो बंद पडतो, वीज आली की राहिलेले ब्लॉक मागवून पुन्हा वर्तमानाशी येऊन मिळतो. व्हॅलिडेटर असता तरीही असल्या खंडामुळे होणारे नुकसान, त्या काळात जेवढी कमाई झाली असती साधारण तेवढेच असते, हेही रचनाकारांनी विचारपूर्वक ठरवलेले आहे. मोठा दंड परस्परविरोधी सह्या करणाऱ्यासाठी राखून ठेवला आहे. या संगणकाच्या पडद्यावर एखादी शिल्लक दिसते तेव्हा ती मला कुणी सांगितलेली नसते. जाळ्यावरून आलेला प्रत्येक ब्लॉक माझ्या टेबलावर पुन्हा चालवून, नियम मोडलेला नाही याची खात्री करून मगच ती तिथे आलेली असते.

आपल्याकडे सातबारांचे संगणकीकरण झाले तेव्हा गावोगाव चावडीवाचन झाले. उतारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याचे नाव चुकले असेल त्याने तिथल्या तिथे उभे राहून सांगायचे. नोंद तलाठ्यानेच ठेवलेली असे, ती ठेवण्याचा अधिकार गावकऱ्यांना नव्हता. पण ती ऐकण्याचा आणि हरकत घेण्याचा होता. विकेंद्रीकरणाचा गाभा मला या दुसऱ्या अधिकारात दिसतो. ब्लॉक कोण बनवतो याला महत्त्व आहेच, पण बनलेला ब्लॉक खोटा असेल तर तो नाकारण्याची ताकद किती जणांच्या हातात आहे, याला अधिक महत्त्व आहे.

म्हणूनच नोडांच्या किंवा व्हॅलिडेटरांच्या नुसत्या मोजदादीने माझे समाधान होत नाही. ईथरियमवर दहा लाखांच्या घरात व्हॅलिडेटर आहेत असे सांगितले जाते. तो आकडा सह्या करणाऱ्या डिजिटल किल्ल्यांचा आहे, माणसांचा नव्हे. एकच कंपनी हजारो किल्ल्या चालवू शकते आणि चालवते. दुसरे एक माप ‘नाकामोटो गुणांक’ या नावाने प्रसिद्ध आहे: जाळे अडवण्याइतका वाटा जमवायला किमान किती जणांना एकत्र यावे लागेल, ती संख्या. सोलानात एक तृतीयांश स्टेक जमवण्यासाठी साधारण वीस व्हॅलिडेटर लागतात. ईथरियमवर लिडो या स्टेकिंग सेवेकडे एके काळी जवळपास तितकाच वाटा एकवटला होता आणि तिला एकच घटक मानले, तर हा गुणांक दोनतीनवर येतो. या मापाने सोलाना अधिक विकेंद्रित ठरते. सोलानाचे समर्थक हे आवर्जून सांगतात आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. लिडोचा स्टेक तीसहून अधिक वेगवेगळ्या चालकांत वाटलेला असतो हे खरे. तरीही त्या चालकांची निवड कोण करतो आणि नियम कोण बदलतो हा प्रश्न उरतोच. ईथरियमच्या बाजूच्या अनेकांना ही एकवटलेली सत्ता टोचत आली आहे आणि ती टोचली पाहिजे.

पण संख्या कमी पडतात तिथे एक प्रसंग उपयोगी पडतो. ८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकी अर्थखात्याने टॉर्नेडो कॅश या, पैशाचा माग लपवणाऱ्या, ईथरियमवरच्या कराराला निर्बंधांच्या यादीत टाकले. ब्लॉक तयार करण्यासाठी बहुसंख्य व्हॅलिडेटर ज्या मध्यस्थ रिले सेवा वापरत होते, त्यांतल्या प्रमुख सेवांनी त्या कराराशी संबंधित व्यवहार वगळायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अशी वेळ आली की दर चार ब्लॉकांपैकी तीन अशा वगळणाऱ्या वाटेने येत होते. तरीही ते व्यवहार साखळीवर पोहोचत राहिले. त्यांना काही ब्लॉक अधिक थांबावे लागे, एवढेच. उरलेल्या एका चतुर्थांशात स्वतःचे ब्लॉक स्वतः बनवणारे आणि न वगळणारे रिले निवडणारे लोक होते आणि ते जगभर विखुरलेले असल्यामुळे त्यांच्यापर्यंत एकाच फर्मानाने पोहोचणे शक्य नव्हते. मार्च २०२५ मध्ये ते निर्बंध उठले. त्या करारातून चोरांनीही पैसा फिरवला होता, म्हणून त्याच्या गुणदोषांविषयी माणसे वेगवेगळे बोलतील. माझ्या दृष्टीने त्या महिन्यांत कसोटी लागली ती रचनेची. अल्पसंख्य पण स्वतंत्र माणसे पुरेशी ठरतात हे तिथे दिसले, आणि अशी माणसे स्वस्त यंत्रांवर सहभागी होता येते म्हणूनच टिकून असतात.

सोलानाचीही एक कसोटी त्याच वर्षी लागली होती, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये हेट्झनर या जर्मन होस्टिंग कंपनीने आपल्या सर्व्हरांवरचे सोलाना नोड एकाएकी बंद केले आणि त्यासरशी हजाराच्या आसपास व्हॅलिडेटर व सुमारे एक पंचमांश स्टेक जाळ्याबाहेर गेला. सोलाना चालू राहिले. मात्र असे काही घडू शकते, याचे कारणही पुन्हा डेटा सेंटरमध्ये राहण्याच्या सक्तीशीच येऊन मिळते. ईथरियमचेही पुष्कळ नोड मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या यंत्रांवरच आहेत. तिथे ती निवड आहे, सक्ती नाही, हा भेद मला मोलाचा वाटतो.

सोलाना थांबण्याच्या घटना एकदोन नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये एका टोकनविक्रीच्या गर्दीने ते सुमारे सतरा तास बंद होते. २०२२ मध्ये ते एकाहून अधिक वेळा थांबले. फेब्रुवारी २०२३ मध्ये जवळपास एकोणीस तास आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी जवळपास पाच तास. थांबलेली साखळी पुन्हा सुरू करायची तर व्हॅलिडेटर चालवणारे डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमतात, कोणत्या ब्लॉकपासून पुढे जायचे हे ठरवतात, नव्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर बसवतात आणि ८० टक्के स्टेक परत जोडला गेला की गाडी पुढे सरकते. यावरून सोलानाला केंद्रित म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी अर्धाच सहमत आहे. शेकडो स्वतंत्र चालक काही तासांत एकमताने एक साखळी उभी करतात, तेव्हा तिथे कुणा एकाने बटण दाबलेले नसते. ईथरियमनेही जुलै २०१६ मध्ये ‘द डाओ’ या ईथरियमवरच्या सामायिक निधीतून पळवलेले सुमारे ३६ लाख ईथर परत मिळवण्यासाठी माणसांच्या संमतीने साखळीचा इतिहास वळवला होता आणि ज्यांना ते पटले नाही ते ईथरियम क्लासिकच्या रूपाने वेगळे झाले. संकटात शेवटी माणसेच निर्णय घेतात. माझी हरकत वेगळी आहे: ज्याला स्वतः ताळा करता येत नाही, त्याला त्या संमतीत आपले मत नोंदवण्याची जागाच नसते. नव्या साखळीत काय बदलले हे तपासायला त्याच्याकडे नोड नाही आणि वेगळे होण्याची वाटही नाही.

या थांबण्यांतून सोलाना शिकले, हेही तितकेच खरे आहे. निरोप स्वीकारण्याची पद्धत बदलली, ज्यांचा स्टेक अधिक त्यांच्या निरोपांना प्राधान्य मिळू लागले, आणि एका लोकप्रिय करारावरची गर्दी सगळ्या जाळ्याचे शुल्क वाढवू नये म्हणून त्या त्या खात्यापुरतीच बोली लागावी अशी सोय झाली. ही शेवटची सोय ईथरियमला अजूनही साधलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत नव्या अध्यक्षांच्या नावाचे टोकन सोलानावर निघाले, तेव्हा पाकिटांचे आणि देवघेवीचे ॲप धापा टाकत होते. पण साखळी चालू राहिली. फेब्रुवारी २०२४ नंतर २०२५ संपेपर्यंत ती एकदाही थांबली नाही.

ईथरियमच्या मूळ साखळीचे मात्र असे संपूर्ण थांबणे कधी झालेले नाही आणि त्यामागे एकच सॉफ्टवेअर नसून अनेक वेगवेगळ्या चमूंनी लिहिलेली सॉफ्टवेअरे आहेत. मे २०२३ मध्ये दोन दिवस लागोपाठ काही काळ ब्लॉकांवर अंतिम शिक्कामोर्तब होईना, कारण प्रिझम आणि टेकू या दोन क्लायंटांवर (नोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरांवर) अचानक फार भार आला. लाइटहाउससारखी दुसरी क्लायंट त्या भाराखाली दबली नाहीत आणि ब्लॉक येत राहिले. सोलानात अगदी अलीकडेपर्यंत सर्वांचे सॉफ्टवेअर एकाच मुळातून आलेले होते, त्यामुळे एका चुकीने सर्वांनाच घेरले. जंप क्रिप्टो या कंपनीने अगदी वेगळेपणाने लिहिलेले फायरडान्सर जसजसे पसरेल तसतसा हा धोका कमी होईल. सोलानाच्या बाबतीत मला सर्वाधिक आशा कशाची वाटत असेल, तर ती वेगाच्या नव्या आकड्यांपेक्षा या दुसऱ्या सॉफ्टवेअरची.

आता ईथरियमच्या बाजूचा सर्वांत अवघड भाग. मूळ साखळी लहान ठेवली, तर मग लोकांनी व्यवहार कुठे करायचे? याचे उत्तर म्हणून आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस अशी दुसऱ्या थरावरची जाळी उभी राहिली. ती व्यवहार स्वतःकडे चालवतात आणि त्यांचा विदा (डेटा), पुराव्यांसह, मूळ साखळीवर ठेवतात. १३ मार्च २०२४ च्या डेनकुन अद्ययावतीकरणाने या डेटासाठी वेगळी, स्वस्त जागा दिली आणि तिथले शुल्क कित्येक ठिकाणी काही सेंटांवर आले. कागदावर ही रचना फार देखणी आहे. मूळ साखळी न्यायालयासारखी मागे राहते आणि रोजचा व्यवहार बाहेर होतो. पण या दुसऱ्या थरावर व्यवहारांचा क्रम लावणारा ‘सीक्वेन्सर’ बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि तो एका कंपनीच्या हातात असतो. बेसचा सीक्वेन्सर कॉइनबेस ही क्रिप्टो देवघेवीची कंपनी चालवते. जून २०२४ मध्ये लिनिया या दुसऱ्या थरावरच्या जाळ्यातल्या एका देवघेव केंद्रावर चोरी झाली, तेव्हा चालक चमूने सरळ ब्लॉक बनवणे थांबवले. चोराला अडवणे योग्यच होते. पण ज्या जाळ्यात असे थांबवता येते, ते जाळे थांबवणाऱ्याच्या मर्जीवर आहे, हे मान्य करायला हवे. सोलाना थांबले की जगभर बातमी होते. दुसऱ्या थरावरचे जाळे अर्धा तास थांबले तर ईथरियमच्या नावावर ते लागत नाही. ईथरियमच्या बाजूने बोलणारे आपल्या मूळ साखळीचे विकेंद्रीकरण आणि दुसऱ्या थराचा वेग यांची बेरीज करून दाखवतात तेव्हा ते मला पटत नाही, कारण वापरणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा यांतली एकच गोष्ट अनुभवाला येते. इतके मात्र खरे, की चांगल्या बांधलेल्या दुसऱ्या थरात सीक्वेन्सरने एखाद्याचा व्यवहार अडवला, तर तो मूळ साखळीच्या मार्गाने जबरीने घुसवण्याची सोय असते. आर्बिट्रमवर त्यासाठी साधारण एक दिवस थांबावे लागते. ही परतीची वाट आहे म्हणूनच मी या रचनेच्या बाजूने झुकतो.

हा फरक पुस्तकी नाही, हे मला गडचिरोलीच्या एका बातमीने जाणवून दिले. मार्च २०२२ मध्ये एटापल्ली उपविभागात ६५,००० जात प्रमाणपत्रे पॉलिगॉन या जाळ्यावर नोंदवून देण्याचा उपक्रम जाहीर झाला. प्रमाणपत्र खरे आहे की बनावट हे कुणालाही पडताळता यावे, असा हेतू. त्याआधी राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने आपल्या पदविकांच्या पडताळणीसाठी ईथरियमची वाट धरली होती. एटापल्लीसारख्या दुर्गम भागातल्या आदिवासी मुलाला शिक्षणासाठी, नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आयुष्यभर लागते. प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद ईथरियमच्या मूळ साखळीवर स्वतंत्रपणे करायची म्हटली, तर अगदी कमीत कमी २१,००० गॅस धरूनही एकशे छत्तीस कोटींहून अधिक गॅस लागला असता आणि त्या काळच्या दराने प्रत्येक नोंदीला शेकडो रुपये पडले असते. म्हणून पॉलिगॉन. हे जाळे भारतीय तरुणांनी उभे केलेले, आणि त्याच्या चाचणीजाळ्याचे नावही अनेक वर्षे ‘मुंबई’ होते. पण त्याला शंभरच्या आसपास स्वतःचे व्हॅलिडेटर आहेत आणि ईथरियमवर ते अधूनमधून आपल्या स्थितीची खूण नोंदवते. ईथरियमची पूर्ण सुरक्षितता त्याला लाभत नाही. त्याच मार्च महिन्यात एका अद्ययावतीकरणानंतर ते काही तास थांबलेही होते.

या प्रमाणपत्राला वेग लागत नाही. वर्षातून दोनदा कुणी ते तपासले आणि उत्तर मिळायला दहा मिनिटे लागली, तरी बिघडत नाही. त्याला लागते ते दीर्घायुष्य: तीस वर्षांनीही ती नोंद कुणाच्या तरी डिस्कवर शाबूत असली पाहिजे आणि ती बदललेली नाही हे दाखवता आले पाहिजे. सोलानाचा संपूर्ण इतिहास शेकडो टेराबाइटांचा आहे. सामान्य व्हॅलिडेटर तो सांभाळत नाहीत, तो मोजक्या संग्रहांत ठेवला जातो. ईथरियमनेही जुलै २०२५ पासून सप्टेंबर २०२२ पूर्वीचे जुने ब्लॉक नोडांनी टाकून दिले तरी चालेल अशी मुभा दिली आणि माझ्या डिस्कवरही त्यामुळे बरीच जागा मोकळी झाली. ती जागा मोकळी करताना मला बरे वाटले नाही. इतिहास अजून पुष्कळ ठिकाणी आहे, त्याचे हॅश साखळीत आहेत, त्यामुळे कुणी तो खोटा करू शकत नाही. पण तो प्रत्येकाकडे असणे आणि तो कुठेतरी असणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

२०२५ मध्ये ही दोन्ही जाळी एकमेकांच्या दिशेने सरकताना दिसली. सोलानात ‘अल्पेनग्लो’ या नव्या एकमतपद्धतीला सप्टेंबर २०२५ मध्ये व्हॅलिडेटरांनी मोठ्या बहुमताने मान्यता दिली. तिच्यात मते साखळीवरून हटतात. ईथरियमने गॅसची मर्यादा २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने वाढवत सहा कोटींवर नेली, आणि डिसेंबरातल्या फुसाका अद्ययावतीकरणाने नोडांना दुसऱ्या थराचा सगळा विदा न उतरवता त्याचे थोडे नमुने तपासून खात्री करण्याची सोय दिली. त्याहून मोठा बदल अजून यायचा आहे. ब्लॉक पुन्हा चालवून पाहण्याऐवजी तो बरोबर चालवला गेल्याचा एक छोटा गणिती पुरावाच नोडने तपासायचा, असा तो विचार आहे. तसे झाले तर मर्यादा कितीही वाढली तरी तपासणाऱ्याचे काम जवळपास तेवढेच राहील.

पुरावा तपासणे हलके असले, तरी तो तयार करणे जड आहे. त्याला ग्राफिक प्रोसेसरांचा ताफा लागतो. हे काम मोजक्या कंपन्यांकडे गेले तर पुन्हा त्याच प्रश्नाशी आपण येऊन पोहोचतो. ईथरियम फाउंडेशनने जुलै २०२५ मध्ये यासाठी जे लक्ष्य जाहीर केले, त्यात पुरावा दहा सेकंदांच्या आत तयार व्हावा या अटीबरोबर विजेचीही एक अट घातली: दहा किलोवॅटच्या आत. घरात बसून हे काम करता यावे, म्हणून ती अट आहे. माझ्या वीजबिलावर मंजूर भार तीन किलोवॅट लिहिलेला आहे, त्यामुळे माझ्या घरात ते शक्य नाही आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांतही नाही. पण एखाद्या लहान कार्यशाळेत, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, पिठाच्या गिरणीसाठी जोडणी घेतलेल्या गाळ्यात ते होऊ शकते. असा पुरावा बनवणारा कुणीतरी प्रामाणिक माणूस जगात एक जरी उरला तरी साखळी पुढे जाईल, आणि तो पुरावा तपासायला माझा टेबलाच्या कडेचा संगणक पुरेल.